काळ्या अक्षरांसाठी एकच शाई

मुलांसाठीची एक चित्रकथा मी लिहिली आणि तिची चित्रंही मीच काढली. सगळं काम टॅब्लेटवर, आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत. मजकूर चित्राच्या अंगावरच बसवलेला होता, कुठे आभाळात, कुठे पाण्यावर, कुठे झाडाच्या बुंध्याशी. पडद्यावर पानं पूर्ण झालेली दिसत होती, पण पुस्तक ऑफसेटवर चार रंगांत छापायचं होतं आणि त्यासाठीची तयारी अजून व्हायची होती. त्या तयारीत सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो काळ्याने. निळा, हिरवा, तांबूस हे रंग छपाईत थोडे मवाळ होतात आणि डोळा ते चालवून घेतो. काळं अक्षर बिघडलं तर वाचणंच बिघडतं. माझे वाचक तर नुकतेच अक्षरं ओळखायला लागलेले.

पडद्यावर काळं म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य. कागदावर काळं करायचे मार्ग मात्र अनेक आहेत. नुसती काळी शाई शंभर टक्के लावता येते, किंवा तिच्या जोडीला सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी) आणि पिवळी या शायाही घालता येतात. समोरचं काळं म्हणजे अक्षर आहे की चित्रातला अंधार, हे प्रोग्रामला कळत नाही. फोटोशॉपमध्ये ‘वेब कोटेड स्वॉप व्ही २’ हे रंगबदलाचं प्रोफाइल ठेवून शुद्ध आरजीबी काळा सीएमवायकेत, म्हणजे या चार शायांत, बदलला, की सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० असे आकडे येतात. बेरीज ३०० टक्के. गुहेतल्या अंधाराला हे मिश्रण उत्तम, त्याने खोली येते. बारा पॉइंटांच्या ओळीची मात्र त्याने वाट लागते.

का, ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही असं मी ठरवलं होतं. ऑफसेटवर शंभराहून कमी टक्क्यांची शाई सलग पडत नाही, ती ठिपक्यांच्या जाळीतून पडते. इंचाला १५० ओळींची जाळी धरली तर शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर साधारण ०.१७ मिलिमीटर येतं. बारा पॉइंटांच्या अक्षराची शिरोरेषा पाव मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे तिच्या जाडीत जेमतेम दीड ठिपका मावणार. त्यात चारही जाळ्या वेगवेगळ्या कोनांत असतात: सहसा काळी ४५ अंशांत, मॅजेंटा ७५, सायन १५ आणि पिवळी शून्य अंशांत. अशा चार जाळ्यांतून बनलेल्या शिरोरेषेला सरळ कड येणं शक्यच नाही. याउलट, अक्षर फक्त काळ्या शाईत आणि पूर्ण शंभर टक्के असेल तर तिथे जाळीच येत नाही. प्लेट, म्हणजे जिच्यावरून शाई छापली जाते तो पत्रा, इंचाला २४०० बिंदूंनी काढली जात असेल तर अक्षराची कड सुमारे एक शतांश मिलिमीटरइतक्या बारकाव्याने कापली जाते.

दुसरं कारण रजिस्टरचं, म्हणजे चारही ठसे एकमेकांवर नेमके जुळण्याचं. चार शाया चार प्लेटांवरून, एकामागून एक पडतात. मधल्या काळात कागदाला पाणी लागतं, तो ताणला जातो, यंत्रात शेवटी जाणाऱ्या, शेपटीकडच्या बाजूला थोडा पसरतोही. कितीही चांगला छपाईदार असला तरी चारही ठसे प्रत्येक कागदावर केसाचाही फरक न होता एकमेकांवर बसतीलच असं नसतं. चित्रात हा फरक कुणाला दिसत नाही. अक्षरात तो लगेच दिसतो: एका बाजूने गुलाबी कड, दुसऱ्या बाजूने निळसर. देवनागरीत तर नाजूक जागा पुष्कळ. ‘र्’चा रफार, अनुस्वाराचा टिंब, ‘क्ष’च्या आणि ‘ज्ञ’च्या पोटातल्या पोकळ्या, ‘द्ध’सारखी जोडाक्षरं, या सगळ्या जागा आधी बुजतात. एकाच शाईत असलेल्या अक्षराला हा धोका नाही, कारण ते स्वतःशी रजिस्टर चुकवू शकत नाही. सगळा ठसा थोडा सरकला तर अख्खं अक्षर सरकेल, पण तुटणार नाही, फाटणार नाही.

तेव्हा पहिला निर्णय झाला तो असा. वाचायचा सगळा मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के. चित्रातलं काळं चित्राच्या गरजेप्रमाणे. दोन्ही काळे पडद्यावर एकसारखे दिसत असले तरी फाइलीत ते वेगळे राहिले पाहिजेत.

काम सुरू करण्याआधी प्रेसशी बोलले. कुठला कागद, त्यासाठी कुठलं प्रोफाइल, एकूण शाईची मर्यादा किती, आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच काळं छापणं) मी फाइलीत लावायचं की ते त्यांच्या बाजूने लावतात, एवढंच विचारलं. शाईची मर्यादा म्हणजे एकाच जागी चारही शायांची टक्केवारी मिळून किती चालेल तो आकडा. गुळगुळीत कोटेड कागदावर तो साधारण ३०० ते ३३० असतो, वर्तमानपत्राच्या कागदावर २४०च्या आसपास. त्यापुढे गेलं की शाई वाळत नाही आणि थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते. मला ३०० सांगितलं गेलं आणि त्यांनी त्यांचं प्रोफाइल पाठवलं. ओव्हरप्रिंटबद्दलचं उत्तर फार मोलाचं होतं. त्यांची यंत्रणा शंभर टक्के काळ्याला आपणहून ओव्हरप्रिंट लावत होती, पण ते वर्तन प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं, म्हणून फाइलीतच लावलेलं बरं, असा सल्ला मिळाला.

मग मजकूर चित्रातून सोडवायला बसले. चित्रकलेच्या प्रोग्राममधली अक्षरं शेवटी पिक्सेलच असतात. चित्र इंचाला ३०० पिक्सेलचं असेल तर एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा, प्लेटच्या बारकाव्याच्या आठपट जाड. शिवाय अक्षराच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून प्रोग्राम कडेला करडे पिक्सेल घालतो. पडद्यावर ते छान दिसतात, पण छपाईत प्रत्येक करडा पिक्सेल म्हणजे पुन्हा ठिपके. त्यामुळे मजकुराचे सगळे थर चित्रातून काढून टाकले आणि प्रत्येक पानाचं अक्षरविरहित चित्र वेगळं ठेवलं. अक्षरं वेगळ्या थरावर होती म्हणून हे सोपं गेलं. नव्याने काम करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, की शेवटच्या क्षणापर्यंत मजकूर चित्रात मिसळू देऊ नका. एकदा थर एकत्र झाले की अक्षराखालचं चित्र परत रंगवावं लागतं.

मजकूर मांडायला इनडिझाइन घेतलं. हेच काम स्क्रायबसमध्येही होतं. ते मोफत आहे आणि त्याला सीएमवायके चांगलं समजतं. इनडिझाइनमध्ये देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर ऱ्हस्व इकार चुकीच्या बाजूला बसतो आणि जोडाक्षरं सुटी पडतात. हे काळ्याशी संबंधित नाही, पण इथे न तपासलेली वेलांटी पुढे प्लेटवर जाते, म्हणून लिहिते आहे. काळ्याशी थेट संबंध असलेली गोष्ट पुढची. मजकूर वर्डमधून आणला की त्याच्यासोबत त्याचा स्वतःचा आरजीबी काळाही येऊ शकतो. रंगांच्या पॅनेलमध्ये तो आणखी एक स्वॉच (रंगाची नोंद) म्हणून गुपचूप बसतो आणि मूळच्या ब्लॅकसारखाच दिसतो. पीडीएफ करताना तो चार शायांत विरघळतो आणि आपली सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून मजकूर आत घेतल्याबरोबर मी रंगांची यादी पाहिली, परका काळा काढला आणि त्याच्या जागी ब्लॅक नेमला. त्याच यादीत ‘रजिस्ट्रेशन’ नावाचाही एक काळा असतो. तो चारही प्लेटांवर शंभर टक्के, म्हणजे बेरीज ४००. तो कापणीच्या आणि जुळवणीच्या खुणांसाठी आहे. अक्षराला तो कधीही लावायचा नाही.

चित्रातल्या आवाजांचा प्रश्न वेगळा होता. ‘धप्प’, ‘सळसळ’, ‘डुबुक’ हे शब्द मी हाताने रेखाटले होते, फॉन्टमधून आलेले नव्हते. ते कागदावर पुन्हा काढून १२०० डीपीआयला स्कॅन केले आणि एक-बिट टिफ म्हणून जतन केले. एक-बिट म्हणजे फक्त काळं आणि पांढरं, मधला करडा नाही. अशी फाइल इनडिझाइनमध्ये ठेवली की तिचा पांढरा भाग पारदर्शक राहतो आणि काळ्या भागाला ब्लॅक स्वॉच देता येतो. कुंचल्याच्या फटकाऱ्याची खरबरीत कड तिच्यात जशीच्या तशी आली. मऊ कडांच्या पिक्सेलमध्ये ती कधीच आली नसती.

चित्रांच्या बाह्यरेषांचंही असंच काहीसं केलं. माझ्या चित्रांत रंगांवर काळ्या शाईच्या रेषा आहेत, काही फार बारीक: मुंगीचे पाय, गवताची पाती, म्हातारीच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या. या रेषा चार शायांत गेल्या असत्या तर रंगीत झालर घेऊन आल्या असत्या. त्यामुळे रंगांचा थर आधी प्रेसच्या प्रोफाइलने सीएमवायकेत बदलला आणि रेषांचा थर करड्या रंगाची वेगळी प्रतिमा म्हणून काढून, फक्त काळ्या वाहिनीत (एका शाईच्या भागात) राहील असा, मल्टिप्लाय करून, म्हणजे खालच्या रंगात मिसळून, वर ठेवला. सीएमवायकेत मल्टिप्लाय प्रत्येक वाहिनीत वेगळा चालतो. त्यामुळे नुसत्या काळ्याचा थर बाकीच्या तीन शायांना हात लावत नाही, खालचा रंग रेषेखाली अखंड राहतो. आधी बदल आणि मग रेषा, हा क्रम सांभाळावा लागतो. रेषा आधीच आत असतील तर बदलताना त्यांचाही चार शायांचा काला होतो.

एका पानावर मात्र अक्षरं वेलींत इतकी गुंतवली होती की ती सोडवणं शक्य नव्हतं. तिथे फोटोशॉपच्या कस्टम सीएमवायकेत काळ्याची निर्मिती ‘मॅक्सिमम’ ठेवून त्या चित्राची दुसरी प्रत बदलली. अशा बदलात करडे आणि काळे भाग जवळजवळ पूर्ण काळ्या शाईत जातात. ती प्रत फक्त अक्षरांपुरती मास्कमधून घेतली आणि बाकीचं पान नेहमीच्या बदलाचं ठेवलं. सगळं चित्रच त्या पद्धतीने बदललं असतं तर सावल्या कोरड्या आणि चपट्या दिसल्या असत्या.

आता ओव्हरप्रिंट. या एका गोष्टीवर बाकी सगळं टेकलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर. रंगीत चित्रावर काळं अक्षर ठेवलं की दोन शक्यता असतात. एक, अक्षराच्या आकाराचं भोक खालच्या तिन्ही शायांत पाडायचं आणि त्या भोकात काळं अक्षर बसवायचं, हे नॉकआउट. दुसरी, खालचं चित्र अखंड छापायचं आणि अक्षर त्याच जागी काळ्यात छापायचं, हे ओव्हरप्रिंट. नॉकआउटमध्ये रजिस्टर जरा हललं की अक्षराच्या एका कडेला कागदाची पांढरी फट दिसते. निळ्या आभाळावर ती फट फार टोचते. ओव्हरप्रिंटमध्ये फट पडायला जागाच नाही. शिवाय खाली रंग असल्यामुळे काळं थोडं भरदारही होतं. इनडिझाइनमध्ये मूळचा ब्लॅक स्वॉच शंभर टक्के असेल तर तो आपोआप ओव्हरप्रिंट होतो, तशी सोय पसंतीच्या पानात (प्रेफरन्सेसमध्ये) सुरुवातीपासून चालू असते. पण आपण स्वतः तयार केलेला, आकड्यांनी अगदी तसाच असलेला काळा स्वॉच मात्र आपोआप ओव्हरप्रिंट होत नाही. त्याला अ‍ॅट्रिब्यूट्समधून हाताने खूण करावी लागते. इलस्ट्रेटरमध्येही ती हातानेच करायची.

लहान मजकुराला ओव्हरप्रिंट हा निर्विवाद उपाय. मोठ्या अक्षरांत तो अडचणीत आणतो. पुस्तकाचं नाव मुखपृष्ठावर मोठ्या, जाड अक्षरांत होतं आणि ते अर्धं गडद निळ्या रात्रीवर, अर्धं फिकट चंद्रावर पसरलेलं होतं. नुसतं काळं ओव्हरप्रिंट केलं असतं तर रात्रीवरचं अक्षर दाट काळं आणि चंद्रावरचं कोळशासारखं करडं दिसलं असतं. एकाच अक्षराच्या आरपार चंद्राची कड दिसली असती. काळी शाई एकटी तेवढी अपारदर्शक नसते, हे मोठ्या ठशातच लक्षात येतं. इथे भरदार काळं हवं होतं: सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १००, बेरीज २४०. मर्यादेच्या आत.

पण मग कडांचं काय? यावर केलेला उपाय मला या सगळ्या कामात सगळ्यात आवडला. नावाची अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकारांत बदलून, त्यांच्या दोन प्रती एकावर एक ठेवल्या. खालची प्रत किंचित बारीक केलेली, तिच्यात सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० आणि काळा शून्य. ती खालचं चित्र कापते. वरची प्रत पूर्ण आकाराची, फक्त काळा १००, ओव्हरप्रिंट. अक्षराची बाहेरची कड त्यामुळे एकट्या काळ्या शाईची झाली, सुरेख धारदार. आत तिन्ही शाया दडलेल्या राहिल्या आणि रजिस्टर थोडं हललं तरी त्या काळ्याच्या बाहेर डोकावणार नव्हत्या. दोन्ही प्रतींमधल्या बारीक पट्टीत काळ्याखाली चित्र चालूच राहतं, म्हणजे पांढरी फटही नाही.

रात्रीच्या एका पानावर उलटं होतं, गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. पांढरं अक्षर म्हणजे कागद. तिथे शाई पडत नाही एवढंच. पार्श्वभूमीत जेवढ्या शाया, तेवढ्या शायांना त्या अक्षराभोवती नेमकं थांबावं लागतं. एक जरी आत आली तरी अक्षर बारीक होतं, अनुस्वार भरून जातो. त्या पानाची पार्श्वभूमी मी चार शायांऐवजी दोनच शायांची ठेवली, काळा १०० आणि सायन ६०. अक्षरांसाठी जाड वळणाचा फॉन्ट घेतला, आकार वाढवला आणि अक्षराच्या बाहेरच्या बाजूने एक बारीक रेघ दिली, फक्त काळ्या शाईची आणि नॉकआउट असलेली. ती रेघ सायनला अक्षरापासून थोडं दूर ठेवते. इथे मूळचा ब्लॅक स्वॉच वापरून चालत नाही, कारण तो ओव्हरप्रिंट होईल आणि सायन जिथल्या तिथे राहील. स्वतः तयार केलेला, ओव्हरप्रिंट नसलेला काळा घ्यावा लागतो. वर जो फरक सांगितला त्याचा असा उपयोग होतो.

पांढऱ्या अक्षराबद्दल आणखी एक. इलस्ट्रेटरमध्ये काळ्या अक्षराला ओव्हरप्रिंट लावलेलं असेल आणि नंतर त्याचा रंग बदलून पांढरा केला, तर ओव्हरप्रिंटची खूण त्याला चिकटून राहू शकते. ओव्हरप्रिंट झालेलं पांढरं म्हणजे काहीच नाही. साध्या पाहणीत अक्षर दिसत राहतं आणि छापलेल्या कागदावरून गायब होतं. रंग उलटवलेलं प्रत्येक अक्षर म्हणून पुन्हा तपासलं.

पानांचे आकडे मला करडे हवे होते, डोळ्यांत न भरणारे. करडा म्हणजे काळ्याचे ५० किंवा ६० टक्के, म्हणजे पुन्हा जाळी. लहान आकड्यांची कड त्याने खडबडीत होते. तेव्हा आकडे शंभर टक्के काळेच ठेवले आणि हलक्या वजनाचा फॉन्ट घेतला. मागच्या मुखपृष्ठावरचा बारकोडही एकाच काळ्या शाईत, खाली पांढरी जागा ठेवून. तो बाहेरून फाइल म्हणून येतो आणि कधी कधी आरजीबीत येतो, म्हणून त्याच्याकडेही पाहावं.

पडद्यावरचं काळं किती खरं मानायचं, हाही प्रश्न आहे. इनडिझाइन सुरुवातीला सगळे काळे सारखेच गडद दाखवतं. ‘अपिअरन्स ऑफ ब्लॅक’मध्ये जाऊन सगळे काळे अचूक दाखव असं सांगितलं, की एकट्या शाईचा काळा पडद्यावर गडद करडा दिसायला लागतो आणि भरदार काळा त्याच्या शेजारी उठून दिसतो. ते पाहून मजकुरातही बाकीच्या शाया घालाव्यात असं वाटू शकतं. तसं करू नये. बारीक ओळींमध्ये डोळा काळ्याची घनता मोजत नाही, तो कडेची स्पष्टता पाहतो. पांढऱ्या कागदावर एकट्या शाईतली ओळ पुरेशी काळी वाटते.

पीडीएफ करताना एक शेवटचा धोका असतो. निर्यातीच्या खिडकीत रंग बदलण्याचा पर्याय असतो आणि तो बेफिकिरीने निवडला तर एका सीएमवायके प्रोफाइलमधून दुसऱ्यात जाताना शुद्ध काळा १०० पुन्हा चार शायांत वाटला जातो. इतकं सांभाळलेलं सगळं एका टिचकीत विस्कटतं. त्यासाठी आकडे जपून बदलण्याचा, ‘प्रिझर्व्ह नंबर्स’वाला पर्याय घेतला. त्याने सीएमवायकेत आधीच ठरवलेले आकडे तसेच राहतात. चित्रं मी आधीच योग्य प्रोफाइलमध्ये आणली होती, त्यामुळे बदलायला काही उरलंच नव्हतं, पण पर्याय बरोबर असणं गरजेचंच होतं.

त्यानंतरची तपासणी मी अजिबात घाईने केली नाही. अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये चारही प्लेटा वेगवेगळ्या बंद-चालू करता येतात. आधी फक्त काळी प्लेट चालू ठेवली: मुखपृष्ठाचं नाव, रात्रीचं पान आणि वेलींचं पान सोडून प्रत्येक पानावर सगळा मजकूर तिथे, ठाम काळा दिसला पाहिजे. मग काळी बंद करून बाकीच्या तीन चालू केल्या: मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे, आणि त्याच्या जागी चित्र अखंड दिसलं पाहिजे. अक्षरांच्या आकाराची पांढरी भोकं दिसली तर नॉकआउट राहिला आहे. अक्षरांची फिकट भुतं दिसली तर तो मजकूर चार शायांत गेला आहे. या एका पाहणीत दोन्ही दोष उघडे पडतात, आणि त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. ज्यांच्याकडे अ‍ॅक्रोबॅट नाही त्यांना घोस्टस्क्रिप्टच्या ‘टिफसेप’ने प्रत्येक शाईची वेगळी प्रतिमा काढून हेच पाहता येतं. अ‍ॅक्रोबॅटच्या त्याच खिडकीत एकूण शाई ३००च्या वर कुठे जाते तेही रंगून दिसतं. गुहेच्या कोपऱ्यात ती जात होती. तिथला अंधार थोडा सैल केला.

प्रेसने प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, दिलं. इंकजेटचं प्रूफ रंग दाखवायला विश्वासू असतं, पण अक्षरांच्या बाबतीत ते फार काही सांगू शकत नाही. त्यावर चार प्लेटांचं रजिस्टर हलत नाही आणि बहुतेकदा ऑफसेटची जाळीही नसते, त्यामुळे चार शायांतला मजकूरही त्यावर निर्मळ दिसतो. प्रूफवर अक्षरं चांगली दिसली म्हणून प्लेटांची तपासणी टाळणं बरोबर नाही. प्रूफ मी चित्रांसाठी पाहिलं, आणि अक्षरांसाठी पुन्हा एकदा पीडीएफच्या प्लेटा.

छपाईच्या वेळी यंत्राजवळ उभं राहून कागदावर भिंग लावलं. रजिस्टर जुळेपर्यंतच्या सुरुवातीच्या कागदांवर चित्राच्या कडेला सायन आणि मॅजेंटा वेगळे दिसत होते, पानाच्या कोपऱ्यातल्या खुणाही दुहेरी होत्या. त्याच कागदांवर मजकूर मात्र स्वच्छ होता. भिंगातून आभाळाच्या जागी ठिपक्यांची फुलं दिसत होती आणि त्यांच्यामध्ये ‘पाऊस’ हा शब्द सलग, काळा, काना-शिरोरेषेसह पूर्ण. यंत्र चालवणाऱ्या दादांनीही भिंग घेतलं आणि म्हणाले, “हे फक्त ब्लॅकला आहे ना? मग अक्षरांची काळजी नाही, मी चित्र जुळवतो.” त्यांचं सगळं लक्ष रंगांवर राहू शकलं, आणि त्याचा फायदा चित्रांना झाला.

मजकूर एकट्या काळ्या प्लेटवर आणि ओव्हरप्रिंट ठेवण्याचा मोठा लाभ पुस्तक छापून झाल्यावर पदरात पडतो. हेच पुस्तक दुसऱ्या भाषेत काढायचं ठरलं, तर सायन, मॅजेंटा आणि पिवळी या तीन प्लेटांना हात लावावा लागत नाही. भाषा बदलते ती फक्त काळ्या प्लेटवर. अनेक भाषांत एकत्र छापली जाणारी चित्रपुस्तकं याच पद्धतीने निघतात: रंगाच्या तीन प्लेटा यंत्रावर तशाच, काळी तेवढी बदलायची. त्यासाठी अट एकच, अक्षरांनी खालच्या रंगांत भोक पाडलेलं नसावं. पाडलं असेल तर मराठी अक्षरांची पांढरी छाप दुसऱ्या भाषेच्या ओळीखालून डोकावत राहील. चित्राच्या काळ्या रेषाही काळ्या प्लेटवरच असतात, म्हणून त्या प्लेटची फाइल करताना रेषा एका थरावर आणि मजकूर दुसऱ्यावर असेच ठेवले आहेत.

दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीची तयारी सध्या चालू आहे. हाताने काढलेले आवाज नव्या भाषेत पुन्हा रेखाटावे लागतील, पण तेही काळ्या प्लेटवरच आहेत. वेलींत गुंतलेल्या अक्षरांचं पान मी पुन्हा रंगवलं, या वेळी अक्षरांशिवाय, तेव्हा त्याच्या चारही प्लेटा नव्या लागतील. रात्रीच्या पानावर पांढरी अक्षरं आहेत, ती सायनमध्येही कोरलेली आहेत, तेव्हा तिथे दोन प्लेटा नव्या लागतील. मुखपृष्ठावर नावाच्या आतल्या तीन शाया आकारासकट बदलतील, म्हणून तिथे चारही. ही तीन ठिकाणं सोडली तर प्रत्येक पानाला नवी एकच प्लेट पुरेल.